आक्काची सुई सुटली

माझी थोरली बहीण, आमची आक्का, सेनगावला दिलेली. पस्तिशीतच तिला साखरेचा आजार लागला. गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. स्वतःच्या पोटात सुई टोचायला तिचा हात धजेना, म्हणून ते काम दाजींकडे आलं. शेतात जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, हात स्वच्छ धुऊन ते तिला सुई द्यायचे. घरात फ्रिज नव्हता. बाटली माठाच्या गारव्याला असायची.

डोस वाढत गेला, साखर उतरेना. मोबाईल नुकते गावोगाव पोचले होते, त्या सुमारास हिंगोलीच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या ऑपरेशनचं सांगितलं. मीही सोबत गेलो. तिथल्या सर्जननी कागदावर आतडं काढून दाखवलं. लहान आतड्याच्या शेवटाकडचा तुकडा वर, जठराच्या जवळ आणून जोडायचा. अन्न तिथं लवकर पोचलं की शरीर स्वतःचंच इन्सुलिन जास्त सोडतं. पद्धत नवी आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

दाजी तयार होईनात. चांगल्या आतड्याला काहून हात लावायचा, सुई द्यायला मी आहे की, असं त्यांचं म्हणणं. आक्कानं तो कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"तुमी हायेत, ते खरं," ती म्हणाली. "पन मला आता तुमचं तोंड धुरकट दिसून राहिलं."

दाजींनी सही केली.

ऑपरेशननंतर कितीतरी दिवस तिला नुसतं डाळीचं पाणी, तेही चमच्या-चमच्यानं. मळमळ थांबायची नाही. तिच्यासमोर खाणं दाजींना जमेना. जिन्यात उभ्यानंच दोन केळी खाऊन ते परत खाटेजवळ येऊन बसायचे.

गावी आल्यावर डोस कमी होत होत दोनेक महिन्यांनी इन्सुलिन बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी सवयीनं हात धुऊन तिच्यापुढं येऊन बसले. मग दोघंही हसले, असं आक्कानंच मला सांगितलं. डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत, पण आणखी बिघडले नाहीत. पुढं एक गोळी परत सुरू झाली, त्याचं तिनं वाईट वाटून घेतलं नाही.

सुई सुटली त्याच वर्षी दिवाळीनंतर ती एकटी एसटीनं माझ्याकडं हिंगोलीला आली, आठ दिवस राहायला. सुईच्या पायी कितीतरी वर्षं ती माहेरी मुक्कामालाच आली नव्हती. अर्धी भाकरी सावकाश चावून खायची आणि माझ्या बायकोशी तासन्‌तास बोलत बसायची.

चौथ्या दिवशी दाजी दारात. हळदीचा भाव काढायला आलो, म्हणाले. रविवार होता, मोंढ्यातला बाजार बंद.

आक्कानं त्यांना पाणी दिलं आणि शेजारी बसली. "करमलं न्हाई व्हय?"

दाजींनी तांब्या खाली ठेवला. "न्हाई," म्हणाले.