अर्धी माती, अर्धा अभ्रक

दगडांच्या लोकांत बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते एकावर एक पडत राहतात आणि ऐकणारा उठायला जातो तोवर त्याच्या गुडघ्यापर्यंत आलेले असतात! मी जिल्ह्याच्या बातम्या लिहिता लिहिता म्हातारा झालो. त्याआधी भूशास्त्रात बी.एस्सी. केली होती. दगडात नोकरी मिळाली नाही म्हणून पेपरात गेलो आणि पेपरात आयुष्यभर दगडांशीच गाठ पडली. पण खुर्चीत बसलेल्या दगडांबद्दल पुन्हा कधी. आज खऱ्या दगडांबद्दल.

आमचा अड्डा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे माळावर असलेलं एक पत्र्याचं शेड. काळ्या पाषाणाखाली काय आहे हे बघायला एका सरकारी खात्यानं तिथं खोल बोअर मारला होता. पाण्यासाठी नव्हे, दगडासाठी. आतून दगडाच्या गोल कांड्या वर आल्या. त्या पेट्यांत रचल्या, शेडात ठेवल्या आणि खातं निघून गेलं. मागे उरले कॉलेजातले भालेराव सर, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी स्वाती, जीपवाले गफूरभाई आणि मी.

स्वाती सेनगावची. तिचा विषय असा : काळ्या पाषाणाखाली फार जुन्या गाळाचे दगड लागले होते. वरचे मऊ, मातकट. खालचे पाटीसारखे कठीण आणि जरा चमकणारे. मूळ चिखल एकच. जो जास्त खोल पुरला गेला, जास्त तापला, त्यातल्या मातीचा अभ्रक होत गेला. हे कसं झालं ते पोरीला सिद्ध करायचं होतं. बाकी सगळे किस्से यालाच चिकटलेले आहेत.

*

खालच्या चमकदार कांड्या वर आल्या त्या दिवशी माळावर जत्रा भरली. जो तो तुकडा उन्हात धरून बघत होता. सर घसा फोडून सांगत होते, "अरे, अभ्रक आहे अभ्रक! चांदी नाही!"

मी रीतसर बातमी पाठवली. तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलं : ही चांदी नाही. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर मथळा : 'हिंगोलीच्या पोटात चांदी?'

मी डेस्कला फोन लावला. आवाज चढलेलाच होता. "मी 'नाही' लिहिलं होतं!"

डेस्कवरचा गडी म्हणतो, "मग आम्ही तरी कुठं 'आहे' म्हटलं? प्रश्नचिन्ह बघा ना, काका!"

*

मग लोक विचारायला येऊ लागले. माती गरम केली तर वीट होते, अभ्रक कसा होईल? सर शिकवायला बसले की समोर किती माणसं आहेत ते बघत नाहीत.

"एसटी बघितली ना? आपल्या काळ्या मातीचा प्रत्येक कण म्हणजे भरलेली एसटी. बाकांच्या रांगा, आणि मधल्या जागेत पाणी घुसलेलं. पाऊस पडला की अजून पाणी घुसतं, एसटी फुगते. ऊन पडलं की पाणी उतरतं, एसटी आकसते. म्हणून तुमच्या रानाला भेगा पडतात. आता हीच एसटी जमिनीत दोन-तीन किलोमीटर खाली पुरा. शंभर-दीडशे डिग्री तापवा. पाणी म्हणतं, नको रे बाबा, आणि उतरून जातं. तेवढ्यात पोटॅश खिडकीतून रुमाल टाकतं!"

सगळे हसले. रुमाल सगळ्यांनीच टाकलेला.

"एकदा पोटॅश सीटवर बसलं की पाण्याला पुन्हा जागा नाही. बाकं एकमेकांना घट्ट. झाला अभ्रक."

मागून एक शेतकरी उठला. "सर, आमी तर दरसाल पोटॅश टाकून राहिलो. मग आमचं रान अभ्रकाचं काहून झालं न्हाई?"

"होईल की. फक्त रान खाली पुरावं लागेल, आणि काही कोटी वर्षं थांबावं लागेल."

शेतकऱ्यानं टोपी नीट केली. "तवर तरी सोयाबीनला भाव येईल व्हय?"

*

कोणती माती फुगणारी आणि कोणती बसलेली, हे ओळखायचं एक तंत्र आहे. मातीला ग्लायकॉल पाजायचं. गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच. फुगणारी माती ते पिऊन फुगते, अभ्रक ढिम्म राहतो. मग क्ष-किरणांच्या मशीनवर फरक दिसतो. मशीन आपल्या जिल्ह्यात नाही, हे सांगायला नकोच. पण ग्लायकॉलची बाटली तरी असावी!

सरांनी अर्ज केला. कशासाठी हवं ते साहेबांना कळावं म्हणून कंसात 'कूलंटमधला मुख्य घटक' असं लिहिलं. तिथंच चुकले. अर्ज परत आला. त्यावर लफ्फेदार सहीनिशी शेरा होता : 'विभागाकडे वाहन नसल्याने मागणी अमान्य.'

मी म्हणालो, "हे मी छापतो." सर म्हणाले, "छापू नका, मग बाटलीसाठी चौकशी समिती बसेल आणि समितीला वाहन मिळेल."

शेवटी गफूरभाईनं जीपमधला हिरवा कॅन काढून दिला. सर नाक मुरडत होते. शुद्ध नाही म्हणे, रंग आहे, अजून काय काय आहे. पण पहिली चाचणी तर निघाली.

चाचणी निघाली आणि जीप सेनगावच्या रस्त्यावर तापायला लागली. गफूरभाई कूलंटच्या जागी साधं पाणी भरत होते. दर फेरीला कुठं ना कुठं बॉनेटमधून वाफ. मला म्हणाले, "साहब, माती पी गयी कूलंट, अन् तकलीफ माझ्या इंजनाला! सरांना बोला, माझ्या जीपला बी पीएच.डी. द्या."

हे तापणं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

*

एकदा सर शेडाच्या दारात बसून एकेक तुकडा जिभेला लावून बघत होते. भूशास्त्रवाल्यांची ही जुनी खोड. माती जास्त असली की दगड जिभेला चिकटतो. समोरून सरपंच आले. बराच वेळ उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पगार येळंवर होत न्हाई का सरांचा?"

*

स्वातीचं काम तपासायला पुण्याहून एक तज्ज्ञ नेमलेले होते. मीटिंग स्क्रीनवर. तिनं वरच्या मातीचे निकाल दाखवले, खालच्या अभ्रकाचे दाखवले. तज्ज्ञ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"वर माती, खाली अभ्रक. छान. पण एकाचं दुसरं झालं, हे कशावरून? दोन वेगळ्या काळांत वेगळा गाळ आला असेल. अर्धी माती, अर्धा अभ्रक असा दगड असायला हवा. मधलं कुठंय?"

"मधल्या पेट्या आहेत सर शेडात. त्या अजून करायच्यात."

"मग करा. मधलं मिळालं तर प्रबंध आहे. नाहीतर दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

माणूस कडक, पण प्रश्न बराबर. मी इतक्या पत्रकार परिषदांना बसलो, इतका सरळ प्रश्न मला क्वचित ऐकायला मिळाला.

*

आता ज्या प्रकरणानं माझं डोकं आजही फिरतं ते. मीटिंगनंतर दोनच दिवसांनी एका मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. रस्त्यावरून जाताना शेड दिसेल, म्हणून 'शेड स्वच्छ दिसलं पाहिजे' असा फोन वरून आला. फोन कुणाचा, ते आजवर एकानंही कबूल केलेलं नाही. मी सगळ्यांना विचारलंय!

गावानं मनापासून काम केलं. टँकर आणला, मोटार लावली, पेट्या उघडल्या आणि सगळे दगड पाईपनं धुऊन काढले.

आम्ही पोचलो तेव्हा खालचा अभ्रक लखलखत होता. मधल्या आणि वरच्या पेट्यांत चिखल होता. नुसता चिखल, वरचा कुठला आणि मधला कुठला हेही कळू नये असा एकात एक मिसळलेला. पन्हाळीतून वाहून दारापर्यंत आलेला.

सरपंच बिचारे कावरेबावरे. "सर, तुमी तर दगड हाय म्हनला व्हता. मंग इरघळला कसा?"

सर एकेका पेटीत वाकून बघत गेले. स्वाती चिखलात उभी होती. तिनं खाली वाकून मूठभर उचलला, बोटांत चोळला. रडेल असं वाटलं. ती सरपंचांना म्हणाली, "फुगला, काका. फुगून फुटला. माझं म्हणणं खरं होतं." मग मात्र रडली.

साहेब त्या रस्त्यानं आलेच नाहीत.

*

पुढचे काही आठवडे शेडावर कुणी गेलं नाही. खात्याला दुसरा बोअर मारा म्हणून विनवण्याला अर्थ नव्हता. मी दोन लेख लिहिले. एक छापला नाही, दुसरा 'पाणीटंचाई असताना टँकरचा गैरवापर' म्हणून छापला!

मग एका दुपारी गफूरभाई धापा टाकत सरांच्या घरी. मीही तिथंच होतो. "सर, गाडी गरम झाली होती. पानी मागायला रानातल्या एका वस्तीवर, आखाड्यावर थांबलो, गिरजाबाईच्या. मेंढ्यावाली म्हातारी. लिंबाखाली तिचा महादेव आहे. गोल, गुळगुळीत. पिंड म्हणून बसवलाय."

"मग?"

"महादेवाच्या अंगावर पिवळा बाण आहे."

सर चहा तसाच ठेवून उठले. आमच्या कांड्यांवर सर स्वतः पिवळ्या ऑइलपेंटनं बाण काढत आणि खाली खोली लिहीत. वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून.

*

गिरजाबाईला तो ओढ्याच्या उतारावर सापडला होता. काही पेट्या कॉलेजात दाखवायला नेणारा टेम्पो तिथं हिसडला होता, हे आम्हाला आठवत होतं. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी भुईतून देव वर आला, आणि त्याच्या अंगावर त्रिशूळ उमटलेला. त्रिशूळ वर करून तिनं देव बसवला. सर माझ्या कानात पुटपुटले, "वरची बाजू वरच! म्युझियमवाल्यांना जमत नाही हे!"

शेंदूर-हळदीखाली खोलीचा आकडाही होता. अगदी मधल्या पेटीचा.

स्वातीनं हात जोडले. मग घाबरतच विचारलं, "आजी, पाणी घालता रोज?"

"न्हाई माय. पयल्या सोमवारी घातलं. तर अंगाचे पापुद्रे सुटून आले, जरा फुगला बी. म्या म्हनलं, ह्या देवाला पानी सोसत न्हाई. तवापासून कोरडा बेल. गावाला बी सांगून ठेवलंय."

सरांनी माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. मुख्य म्हणजे फुगला, पण पाईपचा मारा नव्हता म्हणून चिखल झाला नाही!

"आजी, याचा एक तुकडा..."

"देवाचा तुकडा?" म्हातारी ताडकन उभी राहिली. "लेकरा, तुझ्या घरी देवाचे तुकडे करत्यात व्हय?"

स्वातीनं हात मागे घेतला.   पोरीचा पडलेला चेहरा म्हातारीनं बघितला.

"काय अडलंय गं तुझं?"

"शिक्षण अडलंय, आजी."

गिरजाबाई खोपटात गेली. डबी घेऊन आली. पहिल्या सोमवारी सुटलेले पापुद्रे तिनं टाकले नव्हते, देवाचा अंगारा म्हणून जपले होते. त्यातले चिमूटभर स्वातीच्या तळहातावर ठेवले. "हे तोंडात टाक. काम व्हतंय."

मशीनला चिमूटभरच लागतं! स्वातीनं तोंडापर्यंत हात नेला, मान फिरवली आणि अंगारा रुमालात बांधला. पुढच्या खेपेला गिरजाबाईनं विचारलं, "खाल्लास ना?"

"मशीनला खाऊ घातला, आजी."

"मंग मशीनला गुण आला का?"

आला होता. एक थर मातीचा, एक थर अभ्रकाचा, असे एकाआड एक.

*

शेवटचा. तज्ज्ञांनी निकाल बघितला आणि विश्वास ठेवला नाही. "नमुना अंगाऱ्याच्या डबीतून? मूळ दगड मी स्वतः बघणार. तोवर सही नाही." आणि माणूस खरंच आला. पुण्याहून हिंगोली, हिंगोलीहून गफूरभाईची जीप. वाटेत ती एकदा तापलीच.

लिंबाजवळ पोचल्यावर गिरजाबाई म्हणाली, "चपला तिकडं."

तज्ज्ञांनी बूट काढले. मोजे काढले. खिशातून भिंग काढलं आणि गुडघे टेकून पिंडीवर वाकले. नाक दगडाला टेकेल इतके. बराच वेळ हलले नाहीत. आखाड्यावरच्या दोन बायकांनी माणसाची भक्ती बघून हात जोडले. एकीनं घंटा वाजवली.

दगड ओला केला की नीट दिसतो. तज्ज्ञांनी सवयीनं पाण्याची बाटली उघडली. गिरजाबाईनं मनगट धरलं.

"पानी न्हाई चालत."

"का?"

"फुगतो."

तज्ज्ञांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग स्वातीकडे. मग बाटलीचं झाकण लावलं, गच्च फिरवून. गिरजाबाईनं त्यांच्या कपाळाला शेंदराचं बोट टेकवलं आणि विचारलं, "कुठून आलात?"

"पुण्याहून."

"येवढ्या लांबून? नवस व्हता काय?"

तज्ज्ञ अजून गुडघ्यांवरच होते. भिंग खिशात ठेवलं, त्याच खिशातून पेन काढलं आणि स्वातीपुढे हात केला, कागद दे म्हणून.

"होता, आजी. फेडायला आलोय."