डावीकडे बसलेली बायको

शेवटचे आठ महिने मी माझ्या नवऱ्याला धड दिसलेच नाही. आणि तो उद्योग माझाच.

आज यांना जाऊन वर्ष झालं.

स्ट्रोकनंतर यांचे डोळे ठणठणीत होते. मेंदूचा मागचा, बघण्याचा भाग एका बाजूने गेला होता. त्यामुळे डावीकडचं अर्धं जग गायब.

बरं, गायब आहे हे मान्य करतील तर शपथ!

"अहो, डावीकडे बघा."

"काही असेल तर बघू ना!"

ताटातली डावी बाजू तशीच. वर मलाच, "आज चटणी वाढायला विसरलीस."

मी दहावी पास. पण लायब्ररीतून मेंदूवरचं पुस्तक आणलं. त्यात होतं, पेशींमधले जोड वापरले की घट्ट होतात, नाही वापरले की सैल पडतात.

झालं! मी पदर खोचला.

जेवताना डावीकडे. रिक्षात डावीकडे. बोलायचं तेही डावीकडूनच. मान वळवाल तर दिसेन.

हे वळवतील तर ना!

यांच्या साठीच्या शांतीला नाशिकरोडच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. गुरुजी म्हणाले, "आता अभिषेक. पत्नीने डावीकडे यावं." मी उठून तिकडे बसले.

"अरे, ही कुठे गेली?"

सगळे हसले. लेक म्हणाली, "बाबा, आई शेजारीच आहे."

"मग दिसत का नाही?"

गुरुजींना दया आली. "वहिनी, बसा उजवीकडेच. देव समजून घेईल."

"देव घेईल हो. मेंदू नाही घेणार," मी म्हटलं.

यांचा चेहरा उतरला. मला दिसलं. तरी मी हलले नाही.

हे गेल्यावर ते पुस्तक पुढे वाचलं. मेंदूतले बघण्याचे सगळे भाग सारखे शिकत नाहीत म्हणे. डोळ्यांकडून आलेलं सगळ्यात आधी घेणारा भाग लहानपणीच पक्का होतो, मोठेपणी तिथे फारसा बदल होत नाही. यांचा गेला होता तो नेमका हाच. चेहरे ओळखणारे भाग मात्र म्हातारपणीही नवं शिकतात.

खरंच की. स्ट्रोकनंतर जन्मलेली नात हे पंधरा दिवसांत ओळखायला लागले होते. लेक तिला उजवीकडून मांडीवर द्यायची ना.

आणि मी? अर्धं पुस्तक वाचून मास्तरीण झाले.

अहो, तुम्हीही काही कमी नव्हता. थोडी मान वळवली असती तर झिजली असती का?

पण उठून बाजू बदलणं माझ्या हातात होतं. मी नाही बदलली.

तुम्ही बरे व्हावेत, एवढ्यासाठीच होता हो तो हट्ट.

जिथे असाल तिथे सुखात राहा.