चवथीला चुलीपुढे

माझी बायको महिन्यातले अठरा-वीस दिवस मागच्या पडवीत असायची.

आमच्या घरात बाईमाणूस बाहेरचं झालं की पडवीत बसायचं. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चार दिवस झाले की न्हाऊन घरात. माझ्या आजीने पाळलं, आईने पाळलं. पण चाळिशी जवळ आली तसे हिचे चार दिवस चारात संपेनात. आठ झाले, बारा झाले, पुढे मोजायचंच सोडलं. मधले थोडे दिवस घरात यायची आणि परत चटई उचलून मागे जायची. हा नियम मी केलेला नव्हता. पण थोरला भाऊ वारल्यावर घरातला मोठा पुरुष मीच, तेव्हा चालवत मी होतो.

मी खाणीवर ट्रक चालवायचो. डिचोलीकडच्या आमच्या गावात पावसाळ्यात खाणीची माती उतरून व्हाळ तांबडा वाहतो. ती तिथेच आपली फडकी धुवायची. एकदा म्हणाली, "बरें आसा, पावसांत कोणाक कळना." मी ऐकलं आणि बिडी पेटवली.

आमच्या खानदानाचा गणपती एकच, आमच्याच घरात बसतो. नैवेद्य आमच्या चुलीवर शिजतो, आणि तो घरच्या मोठ्या सुनेने करायचा. मोठी सून वहिनी, थोरल्या भावाची बायको. पण ती विधवा झाल्यावर तो मान माझ्या बायकोकडे आला. मिळाला तो दोन वर्षं. पुढची सात वर्षं चवथ आली की ही पडवीत. मग नाइलाज म्हणून परत वहिनीच चुलीपुढे. हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवायच्या वेळी ही भिंतीपलीकडून विचारायची, "वयनी, हळदीचीं पानां पुसून घेतलीं? ओलीं आसलीं तर पातोळ्यो सुटात." आतून वहिनी म्हणायची, "तू आपली बस गो भायर. देव जेवणाची वाट बघता, तुझी न्हय."

शेवटी मी तिला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. त्यांनी सांगितलं, पिशवीत गाठी आहेत, वाईट रोगाच्या नाहीत. जिवाला आज धोका नाही, म्हणून पिशवी काढायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "आपरेशन जातकच तुका किदें जाय, तें सांग. मागीर हांव सांगतां तें मेळटलें काय ना." तुला त्यातून हवंय काय, ते त्या विचारत होत्या.

ते गोव्यातल्या मराठी-कोकणी भांडणाचे दिवस. मी मराठीच्या मिरवणुकांत पुढे असायचो. तिसरीच शिकलो, पण जे शिकलो ते मराठीत, आणि कोणी कोकणीत विचारलं की मी मुद्दाम मराठीत उत्तर द्यायचो. म्हणून मीच बोललो. "हिचं रक्त थांबलं पाहिजे आणि लावणीला उभं राहता आलं पाहिजे."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हांव तिका विचारतां."

बायको पदराचं टोक पिळत बसली होती. मग म्हणाली, "माका चवथीक चुलीपुढें बसपाक जाय. पांचूय दीस."

डॉक्टरबाई हसल्या. "हांगा येवपी बायलो चुलीपसून सुटका मागतात. आनी तूं चूल मागता?"

"व्हय."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मिळेल म्हणाल्या. पिशवी गेली की ते चार दिवससुद्धा राहणार नाहीत. पुढच्या महिन्यातली तारीख दिली. परत येताना म्हापशाच्या बाजारात बायकोने नवी आदोळी घेतली, नारळ खवायची विळी. घरात एक होती. तरी घेतली, आणि बसमध्ये मांडीवर धरून बसली.

पण देवाला विचारल्याशिवाय अंगाला सुरी लावायची नाही, असं माझं. देवळात कौल लावायला गेलो. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव म्हणाला, "सरळ विचार. आपरेशन करू की नको?"

मी म्हटलं, "गाऱ्हाणं माझं, मी घालतो." आणि विचारलं, "देवा, हिला न कापता बरी करशील काय?"

उजवी पाकळी पडली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो देवाचा शब्द होता. पण प्रश्न माझा होता. मला ऑपरेशनाची भीती वाटत होती, आणि बायको इस्पितळात पडली तर घरात माझं काय, हीसुद्धा. ते मी गाऱ्हाण्यात घातलं नाही.

घरी येऊन मी सांगितलं. ती आदोळी पुसत होती. म्हणाली, "देवाक तुमी किदें विचारलें?" मी सांगितलं. "आनी माझें किदें विचारलें?"

"तुझंच तर विचारलं ना!" मी ओरडलो.

तिने आदोळी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. तारीख निघून गेली. वैद्याचा काढा चालू केला. ती चवथ तिने पडवीत काढली. हिवाळ्यात भाषेचं आंदोलन पेटलं, रस्त्यांवर झाडं आडवी पाडली, बसगाड्या बंद झाल्या, मी मायबोलीच्या नावाने घसा फोडून घरी यायचो, आणि ही भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायची. तिच्या नखांचा रंग गेला होता. मी रोज बघायचो. इस्पितळात न्यायचं तर देवळातला शब्द फिरवावा लागला असता, तो मी फिरवला नाही.

उन्हाळ्यात ती विहिरीवर पडली. मी तिला खाणीच्या ट्रकात घालून इस्पितळात नेलं. पाच बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा कुठे ऑपरेशन करता आलं. त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी जुना कागद काढला, वाचला, आणि एवढंच म्हणाल्या, "गेल्या वर्षी ही चालत आली होती." या वेळी माझ्यासाठी त्या मराठीत बोलल्या.

ती वॉर्डात असतानाच गोवा राज्य झालं. कोणीतरी पेढे वाटत आला. कोकणी राजभाषा झाली म्हणून मी रागातच होतो, घेतला नाही. बायकोने तिचा घेतला आणि हात पुढे करून माझाही घेतला. तेव्हा ती हसली. त्या वर्षातलं तेवढंच.

महिन्याने तपासायला गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "समाधान आसा मगो?"

ती म्हणाली, "चवथीक सांगतां."

चवथीच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी न्हाली. माळ्यावरची आदोळी तिने आदल्या दिवशीच उतरवून ठेवली होती. नारळ फोडून एक वाटी हातात घेतली, चुलीपुढे पाट ओढला. बाहेर गणपतीपुढे, फळंपानं टांगलेल्या माटोळीखाली सगळे भाऊबंद जमले होते. इतक्यात वहिनी दारात उभी राहून मला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "भावजी, हिच्या आंगात पाच बाटले रगात घातला ता कोणाचा? जात ना, पात ना. त्या हातांचो निवेद देवाक चलता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी असं का बोलली ते मला कळत होतं. सात वर्षं मिळालेला मान आता परत द्यावा लागणार होता, तो तिला सोडवत नव्हता. मी "गप रहा" म्हटलं असतं तर ती गप राहिली असती. पण चाळीस डोळे होते, आणि त्यांच्यासमोर मी सोवळं मोडणारा ठरलो असतो.

मी म्हणालो, "या वर्षी राहू दे. भटजींना विचारू, मग बघू."

तिने नारळाची वाटी खाली ठेवली. रडली नाही. हळू आवाजात विचारलं, "पडवेंत बसपाक आतां माका कारण ना. चुलीकडें तुमी बसूंक दिना. मागीर हांव खंय बसूं?"

  ती उठली आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. पाचही दिवस तिथेच.

त्यानंतर परत इस्पितळात गेलो. डॉक्टरबाईंना चवथीचं आठवत होतं. "बसलीस मगो चुलीपुढें?" मी घाईने म्हटलं, "समाधान आहे, डॉक्टर." त्यांनी तिच्याकडेच बघितलं. ती म्हणाली, "रगत थांबलां." त्यांनी तेवढंच लिहिलं.

भटजींना विचारलं तर ते मलाच हसले. रक्ताला कसलं सोवळं, म्हणाले. पुढच्या वर्षी मी तिला सांगितलं, या वेळी नैवेद्य तू कर.

"नाका," ती म्हणाली. "जाय आसलें तेन्ना जाय आसलें." हवं होतं तेव्हा हवं होतं.

वर्षभर तिने त्याच चुलीवर माझं जेवण रांधलं, पण चवथीचे पाच दिवस पायरीवर. अकरा वर्षं. मी रागावलो, हात जोडले, एकदा ताट भिरकावलं. ती हलली नाही. हट्ट माझ्या घराण्यात आहे असं मी समजत होतो.

मग मुलाचं लग्न झालं, सून आली. पहिल्याच महिन्यात ती पडवीतली चटई घेऊन निघाली. बायकोने ती तिच्या हातातून काढली, अंगणात पसरली आणि वर मिरच्या वाळत घातल्या. "भितर वच गो, भात उतू वता," म्हणाली. मी तोंड उघडलं. तिने मिरच्या पसरतच मला विचारलं, "परत पाकळी लावतात तुमी?"

मी तोंड मिटलं. त्या चवथीला तिने आदोळी सुनेला दिली. धार अजून नवी होती.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. चवथीला सून चुलीपुढे असते. दिवस कुठले, कोणी विचारत नाही. मी त्या पाच दिवसांत मागच्या पायरीवर बसतो. सून हाक मारते, "मामंजी, भितर येयात, पातोळ्यो जाल्यो." मी म्हणतो, मला इथेच दे.