हळदीचा नंबर

हिंगोलीच्या बाजारात एक हमाल परदेशी जाणाऱ्या हळदीच्या पोत्यांवर ब्रशनं नंबर रंगवायचा. एकेक आकडा काढला की मान तिरकी करून न्याहाळायचा. मी त्या मालाच्या व्यापाऱ्याकडं कॉम्प्युटरवर निर्यातीचे फॉर्म भरायचो.

एकदा मी फॉर्म पाठवत असतानाच त्यानं विचारलं, "सायेब, हळदीला नंबर काहून?"

"देशोदेशी तिची नावं वेगळी. नंबर सगळीकडं एकच. तिकडचा कॉम्प्युटर त्यावरूनच माल ओळखतो."

तो स्क्रीनकडं बघत राहिला. "मंग हे चुकलं. पोत्यावर असं न्हाई."

खरंच, मी दोन आकडे उलटसुलट टाकले होते. माल बंदरातच अडकला असता.

"वाचता येतं?"

"न्हाई. काढून काढून हाताला पाठ झालं."

तो नंबर मलाही अजून पाठ आहे. त्याचं नाव मात्र मी कधी विचारलंच नाही.