नाना शेगडी पेटवतात

बिडाची शेगडी पेटवणं अवघड नाही. घरात तिला पेटू देणारी माणसं हवीत, एवढंच.

आमच्या घरात सासरे आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, छाती कफाने भरलेली. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या आहेत: थंडी नको आणि धूर नको. आमचा द्राक्षांचा मळा विंचूरच्या अलीकडे. तिथली जानेवारीतली पहाट काय असते ते सांगून कळत नाही. धाकटे दीर नाशिकला फ्लॅटमध्ये राहतात. नानांनी हिवाळा तिकडे काढावा असं त्यांचं म्हणणं. द्राक्षांचा खुडा तोंडावर असताना बाग सोडून कुठंही जाणार नाही, असं नानांचं. बरीच वादावादी होऊन ठरलं की रविवारी भाऊजी येतील, नानांची खोली बघतील आणि ती गार किंवा धुरकट असली तर नानांना घेऊन जातील. नानांनी हे कबूल केलं होतं.

त्यासाठी ही शेगडी. एका बंद पडलेल्या पाहुणेघराच्या भंगारातून नवऱ्याने ती उचलून आणली. काळी, आखूड पायांची, पुढे दार, दाराखाली हवेची झडप. लासलगावच्या पत्रेवाल्याने धुराड्याचा पाइप करून दिला, तो खिडकीतून बाहेर काढला. शेगडी जागेवर बसली तसा नवरा म्हणाला, झालं काम, आणि बागेत निघून गेला. ती पेटवायची कशी, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. खाली कागद, त्यावर छाटणीच्या वाळक्या काड्या, त्या धडधडल्या की मोडलेल्या जुन्या बागेची खोडं. झडप पूर्ण उघडी, दार बंद. बीड तापायला वेळ घेतं, म्हणून सुरुवातीला जाळ मोठाच लागतो. एकदा तापलं की झडप अर्धी लोटायची आणि पुन्हा पुन्हा दार उघडून बघायचं नाही. राख सगळी काढायची नाही. थोडी ठेवली तर तिच्याखाली निखारा टिकतो. यात न समजण्यासारखं काही नाही.

पण नानांचं सगळं आयुष्य धूर करण्यात गेलेलं. कडाक्याची थंडी पडली की आमच्याकडे पहाटे बागेत ओळींच्या मधे शेकोट्या करतात आणि वर ओला पालापाचोळा टाकतात. धूर जमिनीलगत पसरला पाहिजे, घडांना त्याची ऊब मिळाली पाहिजे. जाळ उठला तर जवळची पानं भाजतात. जाळ न होऊ देता धूर धरून ठेवण्यात नानांचा हात धरणारा आसपासच्या मळ्यांत कोणी नव्हता. त्यामुळे शेगडीत जाळ दिसला की त्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं. मी पाठ फिरवली की ते दार उघडत, मूठभर ओला पाला टाकत, वर तांब्यातलं पाणी शिंपडत. खोली धुराने भरे, नाना खोकून बेजार होत आणि शेगडीला नावं ठेवत.

मी समजावलं. पाला बाहेर फेकला, तांब्या उचलून ठेवला. ते पेल्यातलं पाणी वापरू लागले. नवरा म्हणाला, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. काय सोडू? त्यांची छाती?

रविवारी मी सकाळीच शेगडी पेटवली. खोली इतकी छान तापली की नानांनी आपणहून कानटोपी काढली. तेवढ्यात बाग बघायला व्यापारी आला, म्हणून मी चहा टाकायला गेले. परत आले तर भाऊजी दारात उभे आणि आत नुसता धूर.

"नाना, चला. स्वेटर घाला," भाऊजी म्हणाले.

नाना माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मात्र माझा तोल सुटला.

"नाना, ही बाग नाही. इथं भाजेल असं एक पान नाही. धूरच करायचा असेल तर जा यांच्याबरोबर. राहायचं असेल तर शेगडीला हात लावू नका."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. भाऊजींनाही ते अवघड झालं असावं. म्हणाले, "वहिनी, जेवणं होईपर्यंत बघू."

मी खिडक्या उघडल्या, ओला पाला चिमट्याने बाहेर काढला, पुन्हा काड्या रचल्या. नाना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खाटेवर बसले. पाइपात आवाज घुमायला लागला तसे अर्धे उठले.

"लय जाळ होतोय."

"होऊ द्या."

ते भिंतीकडे तोंड करून बसले.

जेवणं झाली तेव्हा धुराचा मागमूस नव्हता. भाऊजींनी जॅकेट काढलं, खोलीभर एक नजर फिरवली, नानांच्या खाटेवर जरा टेकतो म्हणाले आणि घोरायला लागले. नाना स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होते. उन्हं कलली तशी मला म्हणाले, "उठव त्याला. नाशिकपर्यंत गाडी चालवायचीय."

भाऊजी एकटेच गेले. नानांनी शेगडीचा कारभार माझ्याकडे सोपवला, जणू आजवर तो दुसरंच कोणी करत होतं. शब्द मात्र पाळला. हात लावत नाहीत. पण तो जाळ त्यांना बघवत नाही. मी काडी ओढली की ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, त्या गारठ्यात, टोपीशिवाय. खोली तापेपर्यंत मी आतून त्यांना हाका मारत असते.