कडुनिंबाखालची मॅच

"हे पोरगी पेपर लिवून राहिली का वं इथं?" बाजूच्या खुर्चीवरच्या अकोल्याच्या बाईंनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. सहसा देत नाही. (बारा वर्षं इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं.)

मी टेनिस लिहीत होते. माझी चुलत बहीण पल्लवी अमरावतीकडून खेळत होती, समोर या बाईंची मुलगी. पल्लवीच्या सरांनी मला काम दिलं होतं: प्रत्येक फटका वहीत टिपायचा. फोरहँडला एफ, बॅकहँडला बी, तिरप्या फटक्याला बाण, उंच चेंडूला टोपी, जाळीत गेला की फुली. ओरडून हुरूप देण्यापेक्षा टोप्या काढणं मला परवडतं.

त्या साली काकांची शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग पाण्यावाचून वाळली होती. काकांनी पल्लवीला सांगून टाकलं होतं, "जिंकली तं पुढं खेळाले नागपूरले जाय. हरली तं सरांची बॅट सरांले वापस." त्यामुळे काकू सकाळपासून चेंडूपेक्षा जास्त उड्या मारत होत्या.

मैदानाला कडुनिंब एकच, सावली जेमतेम दीड माणसाची! ऐन शेवटच्या गेममध्ये काकूंनी आपली पिशवी बाईंच्या खुर्चीला टेकवली.

"सरका वो ताई जराशा."

"काहून? आमी सकाळी नऊपासून बसून हावो!"

"मंग झाड का अकोल्याहून आनलं तुमी?"

काय फटका! तिरपा, थेट कोपऱ्यात! माझी पेन्सिल आपोआप तिकडे वळली. मी 'काकू' लिहून 'सरका'पासूनचं सगळं उतरवलं आणि पुढे बाण काढले. बाईंनी परतीचा जो फटका मारला, त्याला माझ्याकडे खूणच नव्हती. तो मी नुसताच शब्दशः उतरवून घेतला.

तेवढ्यात मैदानावर गलका झाला. पल्लवी म्हणत होती, चाळीस माझे, तीस तिचे. समोरची म्हणत होती, बरोबर उलटं. (आमच्याकडे पंच नसतो, मुलीच गुण मोजतात. आयाही मोजतात, पण त्यांचे धरत नाहीत.) स्पर्धेचे सर धावत आले.

"आमच्या पोरीजवळ सारं लिवून हाये!" काकूंनी दंड धरून मला उभं केलं.

सरांनी वही घेतली. सरळ धरली, उलटी धरली. "ह्या टोप्या काय हायेत?" त्यांनी वही परत दिली. "तूच वाच बेटा. मोठ्यानं."

मी पान पाहिलं. सकाळपासूनचे एकूणएक फटके होते. फक्त हा गेम नव्हता! त्या जागी कडुनिंबाखालची मॅच होती.

"काकूंची सर्व्हिस," मी पुटपुटले.

"काय?"

"सरका वो ताई जराशा. बाण."

लोक हसले. काकूंनी माझ्या पायावर पाय दिला. पण लाजऱ्या माणसाला एकदा वाचायला लावलं की थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही. मी झाड वाचलं, अकोला वाचलं आणि शेवटी बाईंचा तो फटका वाचला: "तुमच्या पोरीचे चाळीस झाले, म्हून सावली बी तुमचीच का?"

हसू थांबलं. सर बाईंकडे वळले. "बाई, हे तुमी म्हटलं?"

बाईंनी पदर सावरला. "म्हटलं असन... रागात."

म्हणजे चाळीस पल्लवीचेच, आता एकच गुण हवा! पुढचा चेंडू समोरचीने जाळीत घातला. फुली! पल्लवी नागपूरला!

"बोलली वं माही बाई!" काकूंनी मला कवटाळलं. मग बाईंना ऐकू जाईल असं विचारलं, "आता हेबी सांग. आमच्या दोघीत कोन जितलं? लिवलंच असशीन तू."

लिहिलं होतं. इथे मी गप्प बसायला हवं होतं, आणि तेवढी एकच कला तर मला येते! पण त्या दिवशी तोंड नुकतंच उघडलं होतं.

"काकू, त्यांच्या चाळीसच्या फटक्यावर तुम्हाला उत्तर सुचलं नाही," मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले. "गेम अकोल्याच्या ताईंचा."