बैठकीतली उजवीकडची खुर्ची

मला त्या माणसाचा राग यायला तसं काही कारण नव्हतं, आणि म्हणूनच तो जास्त येत होता. माणूस सभ्य. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून उभा जन्म काढलेला, मूळचा हेदवीकडचा, निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत फ्लॅट घेऊन राहिलेला. आम्ही त्याला चीफच म्हणतो. आमच्या व्हिस्कीच्या बैठकीला त्याला मीच बोलावलं होतं, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कुणी नाही.

ही बैठक मी आणि माझ्या शाळेपासूनच्या मित्रानं सुरू केली. माझं मिरकरवाड्याला ट्रॉलरच्या इंजिनांच्या स्पेअर पार्टचं दुकान, त्याची हापूसची बाग. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी माझ्या माडीवर आम्ही पाच जण जमतो. प्यायचं थोडं, हुंगायचं फार. बायको त्याला वाट्या हुंगायचा क्लब म्हणते, आणि तिचं चुकत नाही. दारूचा रंग दिसला की माणूस वासाच्या आधीच मत बनवतो, म्हणून आम्ही काचेचे ग्लास वापरत नाही. प्रत्येकापुढे स्टीलचे दोन छोटे पेले. एकात व्हिस्की, वर वाटीचं झाकण. दुसऱ्यात पाणी. झाकण काढायचं, डोळे मिटायचे आणि कशाचा वास येतो ते मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. बाटली मी ओततो, मला नाव ठाऊक असतं, म्हणून मी शेवटी बोलायचं. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे तोवर खाली स्वयंपाकघरात मासे तळायचे नाहीत.

आमच्यात खरं नाक मित्राचं. आंब्याच्या अढीजवळून नुसता गेला तरी पेंढ्याखालचा कुठला थर तयार झालाय ते सांगायचा. तो कायम माझ्या उजवीकडे बसायचा. मी ओतायचं, त्यानं हुंगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असं आमचं चाललं होतं. मधे त्याला मोठा ताप येऊन गेला, बैठक काही महिने बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा चीफ आला.

पहिल्याच दिवशी मित्र उठून चीफशेजारी जाऊन बसला. कारण काय, तर जहाजाच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. महिन्याभरात दोघं अरे-तुरेवर आले. मी अजून ‘अहो चीफ’ करतोय आणि हा त्याच्या पाठीत थाप मारतोय. स्कॉटलंडच्या कुठल्या बंदरात काय प्यायला मिळतं ते चीफ सांगायचा आणि आमचे हे तोंड उघडं टाकून ऐकायचे. माझ्या दुकानातल्या पिस्टन रिंगांच्या गोष्टी त्यानं इतक्या मन लावून कधी ऐकल्या नाहीत. सरळ सांगतो, माझ्या पोटात दुखत होतं.

त्यात एकदा बायकोची पाहुणी नियम न कळून खाली बांगडे तळायला लागली. तेलाचा भपकारा माडीवर आला. देवरूखहून येणारा प्राध्यापक ओरडला, आमच्यातला पाचवा, डॉक्टर, नाकाला रुमाल लावून खिडकीकडे धावला, मी जिन्यावरून हाका मारल्या. मित्र आपला जागेवर बसून विचारतोय, “काय झाला काय?” चीफच्या गप्पांत बुडालाय आणि माझ्या बैठकीची वाट लागली तरी याला पत्ता नाही, असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवसापासून दोघांची कुजबुज सुरू झाली. झाकण काढलं की चीफ त्याच्याकडे कलायचा, कानात काहीतरी सांगायचा, मग हा मान वर करून म्हणायचा, “मध. जुनं लाकूड.” एवढा मोठा नाकवाला आणि दुसऱ्याच्या तोंडचं बोलतोय! मैत्री इतकी उतू चाललीय की स्वतःचं नाकसुद्धा देऊन टाकलंन, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “तुमच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्यात.”

शेवटी मी खुर्च्या बदलल्या. घर माझं, खुर्च्या माझ्या. चीफला टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, प्राध्यापकाशेजारी बसवलं. प्राध्यापक बोलायला लागला की शेजाऱ्याला श्वास घेऊ देत नाही. मित्राला माझ्या उजवीकडे, जुन्या जागी ओढलं. तो बसला, पण कसनुसा हसला.

मी ओतलं. डॉक्टरचं झालं, प्राध्यापकाचं झालं. मित्राची पाळी आली. त्यानं वाटी उचलून बाजूला ठेवली, टेबलापलीकडे चीफकडे एकदा पाहिलं, आणि त्या गडबडीत त्याचा हात पाण्याच्या पेल्यावर गेला. त्यानं तो नाकाशी नेला. डोळे मिटले. बराच वेळ वास घेतला.

“धूर येतोय,” तो म्हणाला. “ओल्या लाकडाचा. आणि मागनं थोडी आमसुलं.”

मी तोंड उघडलं होतं. ‘मेल्या, पाण्याला कसला आलाय धूर’ हे अगदी ओठांवर होतं. समोर चीफनं मान हलवली, नको म्हणून. आणि मग मला ते शब्द ओळखू आले. ते माझेच होते. आमच्या पहिल्या बैठकीला, पहिल्या बाटलीबद्दल मी बोललेले. मित्रानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, शाळेत उत्तर दिल्यावर मास्तरांकडे पाहायचा तसं.

“येतो,” मी म्हणालो. “थोडा येतो धूर.”

सगळे निघाले तेव्हा चीफ जिन्यात मुद्दाम मागे राहिला. “तापात वास गेला त्याचा,” तो म्हणाला. “अढीपाशी उभा राहतो तरी काय कळत नाय. आंबे गडी तपासतात आणि हा नुसता मान हलवतो. मासे तळले त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. मी विचारलं तर रडला, आणि तुम्हाला सांगू नको म्हणून सांगितलंन.”

“मला का नको?”

“तुम्ही बैठक बंद कराल म्हणाला.”

केलीच असती. त्याच संध्याकाळी पेले माळ्यावर टाकले असते. मित्र मला बरोबर ओळखून होता. पण तो रडला, ते चीफसमोर. मासे तळले तेव्हा त्याच खोलीत मीही होतो.

पुढच्या महिन्यात मी खुर्च्या पुन्हा बदलल्या. चीफ मित्राशेजारी बसला. फक्त नियम एक बदलला. ज्यानं ओतलं त्यानंच पहिलं बोलायचं. का, ते कुणी विचारलं नाही. आता मी झाकण काढतो आणि जेवढं नाकात येतं तेवढं सगळं मोठ्यानं सांगतो, अगदी सविस्तर, म्हणजे कुणाला कुणाच्या कानात काही सांगायची गरजच राहू नये.

गेल्या शनिवारी मी असाच बोललो. भाजलेल्या काजूंच्या टरफलांचा वास, गुळाची काकवी, पावसाळ्यात दुकानात येतो तो दोरखंडांचा वास. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नव्हतो. मित्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं डोळे उघडले, चीफकडे वळला आणि विचारलं, “खरा हाय ना रे?”